डग्गा कुठे गेला?

आमच्या बँडचं पहिलं गाणं मी तीन आठवडे मिक्स करत होतो. कानावर अर्धा पगार घालून घेतलेले स्टुडिओ हेडफोन, घड्याळात रात्रीचे दोन. झालं एकदाचं, म्हणून आईला पाठवलं. तिने फोन ओट्यावर ठेवून पोळ्या लाटता लाटता ऐकलं आणि विचारलं, "छान आहे रे, पण तबला एकाच हाताने वाजवलाय का?"

डग्गा गायब होता. माझ्या हेडफोनमध्ये तो मस्त घुमत होता, पण फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला 100 हर्ट्झच्या खालचं काही धड वाजवताच येत नाही.

हा किस्सा सांगितला की जाणकार मंडळी म्हणतात, "मग आईला चांगले हेडफोन घेऊन दे!" याच वृत्तीचा मला राग येतो. ऑफिसात बग निघाल्यावर मी "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय" म्हणालो तर लोक हसतील. संगीतात मात्र हेच वाक्य दर्दीपणा म्हणून खपतं.

त्यात इतिहासही यांच्या बाजूचा नाही. जगभरच्या स्टुडिओंत मानाने मांडलेला यामाहाचा एनएस-10 हा 1978 साली घरगुती स्पीकर म्हणूनच आला होता. ऑराटोनचा छोटा ठोकळा तर मुद्दाम ठेवायचे, गाडीत किंवा रेडिओवर गाणं कसं वाजेल ते कळावं म्हणून. त्या इंजिनिअरांना साध्या स्पीकरची लाज वाटली नाही. आपल्याला का वाटते?

"पण प्रत्येक इअरफोन वेगळा वाजतो, विश्वास कशावर ठेवायचा?" प्रश्न रास्त आहे. कुठल्याही एकावर नको. मिक्स चांगल्या हेडफोनवरच करा, साध्यांवर फक्त तपासा. एकाच इअरफोनवर शब्द बुडत असतील तर सोडून द्या. फोन, वायरवाले इअरफोन आणि ब्लूटूथ बड्स, तिन्हींवर बुडत असतील तर चूक तुमची आहे.

मी डग्ग्याला थोडं सॅच्युरेशन दिलं. त्याने वरचे हार्मोनिक्स उठून आले. ते ऐकू आले की खालचा मूळ स्वर नसला तरी मेंदू तो भरून काढतो. महागड्या हेडफोनवर फरक जेमतेम जाणवला. ओट्यावर मात्र डग्गा परत आला.

आपलं गाणं लोकलमध्ये, एसटीत, भांड्यांच्या आवाजात ऐकणारे लोक कमी दर्जाचे श्रोते नाहीत. बहुतेकदा तेच आपले श्रोते असतात. पुढचं गाणं रिलीज करण्याआधी एकदा फोन ओट्यावर ठेवा. शेजारी कुकर लावलेला असला तर उत्तमच.