इंजिनाची ठकठक

पावसाळी मासेमारीबंदीत आम्ही मांडवीकाठी मालिमच्या धक्क्यावर गेलो होतो. एका ट्रॉलरचे इंजिन तापले की तेलाचा दाब उतरे. भार येताच खोलवरून बोथट ठकठक ऐकू येई. वृद्ध मेस्त्रींनी तेल गाळले. फडक्यावर चकाकते धातुकण उरले. बेअरिंगे झिजली होती.

मालकांना तेवढीच बदलून हवी होती. मेस्त्रींनी मायक्रोमीटर लावला. क्रँकशाफ्टचा बेअरिंगखालचा भागही लंबगोल झाला होता. तो घासून गोल करावा आणि पाव मिलिमीटर कमी मापाची बेअरिंगे बसवावीत, अन्यथा नवीही टिकणार नाहीत, असे त्यांनी बजावले. खर्च ऐकून मालक गप्प झाले.

"शेट, भर दर्यात इंजिन अडकलं, तर खलाशांच्या घरी काय सांगाल?"

मालकांनी मान डोलावली. वाचकहो, नापास मुलाला नुसती नवी पुस्तके आणून देणारे आम्ही मास्तर मात्र मनोमन वरमलो.