घरातल्या मरणाचाही पंचनामा हवा

वैतरणा-सफाळ्याकडे पावसाळ्यात ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, म्हटलं की पुढे कुणी फारसं विचारत नाही. सर्पदंश तिथे खरोखर होतो, म्हणून तो बहाणाही सहज खपतो. कुणी शंका काढलीच तर दोन प्रश्न तोंडावर फेकले जातात: मेलेल्याची चिरफाड कशाला? आणि चार भिंतींआड काय झालं ते पाहिलंय कुणी?

दुसरा प्रश्न आधी घेऊ. मराठवाड्यातल्या किरकन खटल्यात मुलीच्या वडिलांना ‘साप चावला’ असं कळवलं गेलं. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हता. तरी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीची शिक्षा कायम केली. घरात गुपचूप घडलेल्या गुन्ह्याचा पटेल असा खुलासा घरच्यांनी द्यायला हवा; त्यांचं मौन किंवा खोटं उत्तर पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी ठरतं, असं न्यायालयाने बजावलं.

आता चिरफाडीविषयी. फाशीचा वळ बहुधा गळ्यावर उंच आणि तिरका असतो, गळा आवळल्याचा आडवा. मृत्यूनंतर रक्त खालच्या अंगाला साकळतं, त्यावरून देह हलवला की नाही ते कळतं. प्रेताला आंघोळ घातली, खोली सारवून काढली आणि चिता पेटवली की यातलं काहीच उरत नाही. खरी विटंबना ती.

मग प्रयोगशाळा म्हणेल ती पूर्वदिशा? तेही नाही. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी राखलेले आतले अवयव, विषाचं नाव सांगतो, देणाऱ्याचं सांगत नाही. पुण्यात १९८२ साली घडलेल्या सारडा प्रकरणात मृत्यू सायनाइडने झाला होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला फाशी सुनावली, पण आत्महत्येची शक्यता खोडता आली नाही म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. शिवाय नमुना मिठाच्या संपृक्त द्रावणाऐवजी फॉर्मालिनमध्ये ठेवला, तर विषाचा शोध बिघडू शकतो. नेहमीच्या तपासणीत सापाचं विष सहसा सापडत नाही; त्यासाठी दंशाची जागा वेगळी तपासावी लागते. तेव्हा सगळी भिस्त पहिल्या काही तासांतल्या काळजीवर असते.

कायदा बऱ्यापैकी तयार आहे. गावातला संशयास्पद मृत्यू कळवणं पोलीस पाटलाचं कर्तव्यच आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर देह शवविच्छेदनाला पाठवावा लागतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली, पण अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा दिली. ती मुभा सबब होता कामा नये. बोईसरच्या चाळीत आणि वैतरण्याच्या पाड्यातही तज्ज्ञ वेळेत पोहोचला पाहिजे, आणि तोवर खोलीला कुलूप लागलं पाहिजे. याने दोषी सापडतील. आणि खरोखर सापच चावला असेल, तर ते घर जन्मभराच्या कुजबुजीतून सुटेल.