दुखत नाही ती गाठ आधी दाखवा



गाईची कास सुजली, सडातून दुधाऐवजी गुठळ्या आल्या, की आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. दूध डेअरीवरून परत येतं, उशीर परवडत नाही. घरातल्या बाईच्या छातीत गाठ लागली तर मात्र ती महिनोन् महिने कुणाला सांगत नाही, आणि कळलं तरी उत्तर ठरलेलं, "दुखत नाय ना? मग तोडणी झाल्यावर बघू."

आमच्या मते ही समजूत गोठ्यातून घरात आली. गाईला होतो तो बहुधा कासदाह, आपण दगडी म्हणतो तो. जंतूंमुळे कास सुजते, तापते, गाय हात लावू देत नाही. गाई-म्हशींत कासेचा कॅन्सर क्वचितच होतो. म्हणून रोग म्हणजे दुखणं, हे आपल्या डोक्यात पक्कं. बाईच्या स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. वस्तीवरच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या पोटाखालच्या गाठी कोणी पाहिल्या नाहीत? नसबंदी न केलेल्या कुत्रीला हा रोग बराच होतो, सुमारे निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात. तरी ती हिंडते, खाते.

बाईची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक साध्याच असतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, सासूबाईंनी नव्हे.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्टीतल्या सुमारे ७५ हजार बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी केली, अशा चार फेऱ्या. यंत्र नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांचे हात. २०२१ साली निष्कर्ष आले. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. (पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू घटले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.)

कारखान्यातर्फे जनावरांची शिबिरं होतात, चांगलंच आहे. तशीच गट ऑफिसवार बायकांची तपासणी व्हावी, तपासणारी बाईच असावी. आणि गळीत हंगामात तोडणी टोळ्यांच्या तळावरही जावं. त्या बायका पहाटे फडात जातात, त्यांनी दवाखाना कधी गाठायचा? खर्च मोठा नाही. येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदनाला एखादी महिला सभासद उभी राहिली तर बरं.