जवान सीमेवर, तारीख तालुक्याला

मे २०२५च्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी सरावाचे आदेश काढले. भोंगे वाजले, काही शहरांतील दिवे मालवले गेले, शाळांतील मुलांना आडोसा कसा घ्यावा हे शिकवले गेले. ९ मे रोजी राज्यांना १९६८च्या नागरी संरक्षण नियमांतील तातडीच्या अधिकारांची आठवण करून देण्यात आली. हे सारे आवश्यकच होते. मात्र युद्धकाळातील मुलकी प्रशासन म्हणजे एवढेच, अशी समजूत राजधानीतही दृढ असावी, हे चिंताजनक आहे.

त्याच आठवड्यात सुट्टीवर आलेल्या अनेक जवानांना तातडीने परत बोलावले गेले. जवान सुट्टीवर येतो तो केवळ विश्रांतीसाठी नव्हे. शेताची मोजणी, बापामागची वारसनोंद, बांधाचा वाद, दिवाणी न्यायालयातील तारीख ही कामे त्याच्या रजेची वाट पाहत असतात. बोलावणे आले की तो निघतो. तारीख मात्र तिथेच राहते. समोरचा पक्षकार बहुधा भाऊबंदच असल्याने जवान केव्हा नसतो, हे त्याला न्यायालयापेक्षा अधिक ठाऊक असते. मग एकतर्फी हुकूमनामा होतो आणि सीमेवरच्या माणसाला तो पुढच्या रजेत कळतो.

यावर उपाय नाही असे नाही. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम १९२५चा आहे. त्याला शंभर वर्षे उलटली. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा सैनिक हजर राहू शकत नाही, असे मानण्यास जिल्हाधिकाऱ्यास कारण असेल, तर त्याने न्यायालयास तसे प्रमाणित करावे. त्यावर काही अपवाद वगळता न्यायालयाने कामकाज थांबवावे. महसुली न्यायालयेही यात आली. गैरहजेरीत झालेला हुकूम रद्द करून घेण्याची वाट आहे आणि अशा सेवेचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळण्याची सोयही आहे. परकीय सत्तेने आपल्या पलटणींसाठी केलेला कायदा स्वतंत्र भारतातील जवानाला इतका उपयोगी पडावा, आणि तरीही तालुक्याच्या कचेरीत तो फारसा कुणाला आठवू नये, यातच मेख आहे.

अडचण माहितीची आहे. सेवेतील जवानाची नोंद त्याच्या पलटणीच्या दप्तरी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नित्य संबंध मुख्यतः माजी सैनिक आणि वीरपत्नींशी. आणि खटल्याची नोंद न्यायालयात. या तीन वह्या एकमेकींना भेटत नाहीत. कमांडिंग ऑफिसरचे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचते, आवक क्रमांक मिळवते, आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खाली सरकते. ते तहसीलदाराच्या टेबलावर येईपर्यंत लढाईच संपलेली असते. मे २०२५चा संघर्ष तर चार दिवसांतच थांबला.

२६ जुलै २०२५ रोजी श्रीनगर येथे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतूनच कायदेशीर मदत मिळावी, हा तिचा हेतू स्वागतार्ह आहे. पण वकील मिळाला तरी जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची जागा तो घेऊ शकत नाही.

नोव्हेंबर १९६२मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे म्हटले गेले. मराठी माणूस ते आजही अभिमानाने सांगतो. या पानाचे वाचक असलेल्या कित्येक मराठी सनदी अधिकाऱ्यांनी परराज्यांत जिल्हे सांभाळले आहेत, सांभाळत आहेत. गढवालच्या जवानाचा दावा त्यांच्या एका सहीवर अडलेला असू शकतो. साताऱ्याच्या जवानाचा दुसऱ्या कुणाच्या. रजा रद्द होताच पलटणीने प्रलंबित खटले असलेल्या जवानांची यादी थेट त्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावी आणि नागरी संरक्षणाच्या सरावात भोंग्यांच्या तपासणीबरोबर या यादीचीही तपासणी व्हावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. गृह आणि संरक्षण या दोन मंत्रालयांचे एक संयुक्त परिपत्रक पुरेल.