मुलांचा सांभाळ : सवलत नव्हे, हक्क

संघटनेच्या सभांत महागाई भत्ता, बढती, पेन्शन यांवर भरभरून चर्चा होते. पाळणाघराचा विषय मात्र 'महिलांचा प्रश्न' म्हणून कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी जातो आणि वेळ संपल्यामुळे तेथेच राहतो. मुलांचा सांभाळ आणि दारिद्र्यापासून संरक्षण हे मानवी हक्क आहेत आणि त्याबाबत भारत सरकारने जगापुढे लेखी शब्द दिलेला आहे, याची आठवण करून देणे आम्हास आवश्यक वाटते.

१० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २५ वे कलम अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांबरोबर बेकारी, आजारपण, वैधव्य व म्हातारपण यांतही माणसाला संरक्षण देते. माता व बालकांना विशेष मदतीचा हक्क देते. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ साली स्वीकारला, बालहक्कांचा करार १९९२ साली. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांना संगोपनाच्या सेवा मिळाव्यात, अशी तरतूद बालहक्क कराराच्या १८ व्या कलमात आहे. आमच्या घटनेचे ४२ वे कलम प्रसूतिसाहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, हे खरे. पण राज्यकारभारात ती मूलभूत आहेत असे ३७ वे कलमच सांगते.

आता व्यवहार पाहा. गरीब वृद्धाच्या पेन्शनमधील केंद्राचा वाटा ७९ वर्षे वयापर्यंत महिना २०० रुपये आहे. २००७ सालीही तो तेवढाच होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीस किमान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ साली योजना आली ती ५,००० रुपयांची, तीही पहिल्या अपत्यापुरती आणि हप्त्याहप्त्याने. दुसऱ्या अपत्यासाठी पुढे रक्कम मिळू लागली, पण मुलगी झाली तरच. कायद्याने दिलेले योजनेने कापून घेण्याचा हा प्रकार आहे.

आमच्या घरातही सारे आलबेल नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ साली केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. सातव्या आयोगाने त्यातील दुसऱ्या ३६५ दिवसांचे वेतन ८० टक्क्यांवर आणले. शिवाय ही रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असे नियमच सांगतो. म्हणजे मूल आजारी पडले की आईने साहेबाच्या मर्जीकडे पाहायचे. पुरुषाला ही रजा मिळते ती तो एकटा पालक असेल तरच. जणू बायको असलेल्या बापाला मूल सांभाळायचेच नसते! ही रजा केवळ मेहेरबानी नसून स्त्रियांच्या नोकरीतील सहभागाशी निगडित घटनात्मक बाब आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली हिमाचल प्रदेशातील प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आणि ही रजादेखील कोणाला? कायम कर्मचाऱ्यांना. खेड्यात टपाल वाटणाऱ्या ग्रामीण डाक सेवक भगिनीला ती नाही. फलाट व डबे झाडणाऱ्या कंत्राटी बाईचे एका दिवसाचे काम बुडाले की त्या दिवसाची मजुरी बुडते. तिचे मूल फलाटावरच वाढते, हे आपण रोज पाहतो आणि पुढे जातो.

५० वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर हवे, अशी तरतूद २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात झाली आणि ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रेल्वेची वर्कशॉप कारखान्याच्या व्याख्येत येतात. रनिंग शेड मात्र त्या व्याख्येतूनच वगळलेली आहे. मूल वर्कशॉपमधल्या आईचे असो की शेडमधल्या आईचे, त्याला भूक सारखीच लागते.

सरकारकडे पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. करार म्हणतो की उपलब्ध साधनांचा जास्तीत जास्त वापर करून हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करावेत. टप्प्याटप्प्याने म्हणजे पुढे जाणे; मिळालेले काढून घेणे नव्हे. बचतही नेहमी कोणाच्या तरी घामातून होते. १९७५ पासून देशाची लहान मुले सांभाळणाऱ्या अंगणवाडी भगिनींना सरकार आजही 'मानधन' देते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बालसंगोपन रजा हक्काची व पूर्ण पगारी करा आणि ती बापालाही द्या. ग्रामीण डाक सेवक व कंत्राटी कामगारांना तिच्या कक्षेत घ्या. वर्कशॉप, शेड, मोठी स्थानके व टपाल कार्यालये येथे पाळीच्या वेळा धरून चालणारी पाळणाघरे काढा आणि त्यांत कंत्राटी कामगारांच्या मुलांनाही जागा द्या.

प्रत्येक शाखेने आपल्या कामाच्या ठिकाणी पाळणाघर आहे की नाही, असल्यास रात्रपाळीला उघडे असते काय, याची पाहणी करून पुढील बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा. कायम कर्मचाऱ्यांनी फक्त आपल्यापुरते मागितले तर उद्या आपलेही जाईल. सर्वांसाठी मागितले तरच ते टिकेल.