पगारावर किती जातात, हे विचारणं थांबवा

आपल्या पिढीकडे द्यायला पैसे नाहीत, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. शुक्रवारी रात्री बाणेर-बालेवाडीतल्या हॉटेलांबाहेर वेटिंगमध्ये उभे असतो ते आपणच. आणि आपण देत नाही, हेही खरं नाही. कुणाच्या ऑपरेशनची लिंक ग्रुपवर आली की पाचशे, कुठे पूर आला की हजार, वाढदिवसाला वसतिगृहातल्या मुलांना जेवण. देतो आपण. माझं भांडण देण्याच्या पद्धतीशी आहे. आपण लहर आली की देतो, फोटो मिळेल तिथे देतो आणि देताना अशा अटी घालतो, की त्याच अटी आपल्या कंपनीला लावल्या तर ती सहा महिन्यांत बंद पडेल.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. गेली तीन वर्षं शनिवारी सकाळी पुण्यातल्या एका छोट्या संस्थेच्या देणग्यांच्या नोंदी आणि पावत्या सांभाळतो. संस्था वस्त्यांमध्ये संध्याकाळच्या अभ्यासिका चालवते. भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक ताई आणि पंचवीस-तीस मुलं. खर्च दर महिन्याला सारखाच: भाडं, वीज, ताईंचं मानधन. जमेची बाजू मात्र बघण्यासारखी आहे. मार्चमध्ये उंच शिखर, दिवाळीला एक टेकडी आणि मधले महिने सपाट माळ. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि नेमका जूनमध्येच खात्यात खडखडाट असतो. ही शीट कुठल्याही इंजिनिअरला दाखवा, तो पाच मिनिटांत निदान करेल: लोड रोजचा आहे आणि सप्लाय झटक्यांत येतोय. अशी सिस्टिम कधी ना कधी पडणारच.

तरी देणगीदाराचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘८०जी मिळतं ना?’

मिळतं. पण तुम्हाला त्याचा उपयोग आहे का, हे आधी बघा. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर मुद्दाम निवडावी लागते. २०२५-२६ पासून तर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, पगारदारांना प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, करच भरावा लागत नाही. म्हणजे जो कर भरायचाच नाही, तो वाचवण्यासाठी पावती मागणारे फोन आम्हाला येतात. जुन्या पद्धतीत असाल तरी हिशेब करा. बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावरच वजावट मिळते. दहा हजार दिले, तर वजावट पाच हजारांची, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचले साधारण दीड हजार. उरलेले साडेआठ हजार तुमच्या खिशातूनच गेले. ते का दिले, याचं उत्तर ८०जीमध्ये सापडणार नाही. मार्चमधलं ते शिखर मात्र याच सवलतीने उभं केलंय.

दुसरा प्रश्न याहून जड. ‘माझ्या शंभरातले किती रुपये थेट मुलांपर्यंत पोहोचतात? पगारावर किती जातात?’

ऐकायला हा प्रश्न जागरूक नागरिकाचा वाटतो. माझ्या मते आपल्या देण्यातला तो सगळ्यात घातक प्रश्न आहे. अभ्यासिकेत मुलांपर्यंत पोहोचते ती ताई. वह्या, दप्तरं आणि खाऊ कुणीही वाटतं. गणेश मंडळ वाटतं, निवडणूक जवळ आली की इच्छुक उमेदवारही वाटतात. अपूर्णांक न कळणाऱ्या मुलाशेजारी रोज दीड तास बसणारी बाई अशी वाटता येत नाही. तिचा पगार हेच तिथलं काम आहे. आपण तो ‘प्रशासकीय खर्च’ या रकान्यात ढकलतो आणि मग त्या रकान्याकडे बघून नाक मुरडतो. आयटी कंपन्यांचा सगळ्यात मोठा खर्च पगारांचाच असतो. अप्रेझलच्या दिवशी आपल्यापैकी एकानेही एचआरला विचारलं नाही, की क्लायंटच्या शंभरातले माझ्यावर एवढे कशाला घालवता?

गेल्या वर्षी आमच्या एका ताईने काम सोडलं. सहा वर्षं शिकवत होती. मानधन अकरा हजार. घराजवळच्या मॉलमध्ये तिला सोळा मिळत होते. तिने महिनाभर आधी सांगितलं, संस्थेने वरचे पाच हजार शोधून बघितले. त्याच महिन्यात एका कंपनीकडून दीड लाख रुपये आले होते, पण फक्त ‘शैक्षणिक किट’साठी: दप्तर, डबा, पाण्याची बाटली, प्रत्येकावर कंपनीचा लोगो. त्या दीड लाखात ताईची वाढ अडीच वर्षं निघाली असती. अट अशी, की त्यातला रुपयाही पगाराला लावता येत नव्हता. ताई गेली, किट वाटली गेली. नवी ताई मिळेपर्यंत अडीच महिने ती खोली बंद राहिली. उघडली तेव्हा तीसपैकी एकोणीस मुलं परत आली. उरलेल्या अकरा जणांकडे दप्तर मात्र छान आहे.

हे दुखणं एकट्या पुण्याचं नाही. २००९ साली अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’मध्ये या चक्राला उपासमारीचं चक्र म्हटलं. देणगीदाराला अवास्तव कमी खर्च हवा असतो, संस्था तो कागदावर कमी करून दाखवतात, मग देणगीदाराची अपेक्षा आणखी खाली जाते. २०१३ मध्ये संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या तीन अमेरिकी संघटनांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं, की निव्वळ ओव्हरहेडच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. आपण उलट दिशेने गेलो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. सीएसआरच्या नियमांत कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती जणू संस्थेवरच आहे अशा थाटात संस्थांशी घासाघीस चालते.

आता आपल्या आवडत्या पद्धती एकेक करून बघू.

वाढदिवसाचं जेवण. हेतू चांगला, पण सगळ्यांना रविवार हवा असतो, नाहीतर दिवाळी. त्या दिवसांत मुलांना गुलाबजाम नकोसे होतात आणि मंगळवारच्या डाळ-तांदळाला कुणी वाली नसतो. वर जेवणाआधी अनोळखी माणसासाठी टाळ्या वाजवत ‘हॅपी बर्थडे’ म्हणायचं. स्वतःच्या घरातल्या मुलांना आपण एका जेवणासाठी असं गायला लावू का?

क्राउडफंडिंगची लिंक. तातडीच्या उपचारासाठी ती उपयोगी पडते, नाकारत नाही. पण पैसे भरताना खाली ‘टिप’ आधीच भरून ठेवलेली असते, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. स्क्रोल करून बघा आणि पटली तरच ठेवा. शिवाय लिंक चालते ती चेहऱ्यावर. ज्या कामात रडणारा चेहरा नाही, म्हणजे गळती थांबवणं, नोंदी ठेवणं, पालकांना दहावेळा भेटणं, त्याची लिंक कुणी फॉरवर्ड करत नाही.

एका मुलाचं ‘पालकत्व’. नाव, फोटो, प्रगतिपुस्तक, वर्षातून एकदा आभाराचं पत्र. देणाऱ्याला फार छान वाटतं. पण नववीतल्या मुलीने आपले मार्क एका अनोळखी काकांना का दाखवायचे, याचं उत्तर ‘कारण ते पैसे देतात’ एवढंच असेल, तर त्यात काहीतरी चुकतंय.

गुप्तदान. आपल्याकडे याचं केवढं कौतुक! पण क्यूआर स्कॅन करून नाव न कळवता पाठवलेले पैसे संस्थेला डोकेदुखी ठरतात. देणगीदाराचं नाव-पत्ता नोंदवावा लागतो, आणि निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर ३० टक्के कर लागतो. गुप्त राहायचं असेल तर जगापासून राहा. संस्थेला नाव, पत्ता आणि पॅन कळवा.

यांपेक्षा साधी, फोटो न निघणारी एक पद्धत आहे: दरमहा, ठरलेली रक्कम, बिनशर्त, आपल्या गावातल्या संस्थेला.

समजा दोनशे जणांनी महिन्याला पाचशे रुपये लावले. महिन्याला एक लाख झाले. त्यातल्या दोघांची नोकरी गेली, तर संस्थेचं उत्पन्न एक टक्क्याने कमी होईल. हेच लाख रुपये एकाच कंपनीकडून येत असतील आणि तिचा फोकस एरिया यंदा शिक्षणावरून वृक्षारोपणावर गेला, तर त्या महिन्यापासून शून्य. आपण सर्व्हर एकाच मशीनवर ठेवत नाही आणि शाळेबाहेरचं शिक्षण मात्र एका मॅनेजरच्या पॉवरपॉइंटवर टांगून ठेवतो.

यात माझं डोकं काहीच नाही, आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी करून झालंय. अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत फिरले, टिळकांनी पाठिंबा दिला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडेला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायका मूठभर धान्य बाजूला काढत. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. ‘माझी मूठ कुठल्या मुलाच्या पोटात गेली, फोटो पाठवा’, असं त्या बायकांनी म्हटल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

‘पण लबाड संस्थाही असतात.’ असतात ना! म्हणून बिनशर्त द्या म्हणतोय, डोळे झाकून नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. नोंदणी क्रमांक मागा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा. विश्वस्त एकाच घरातले आहेत का, ते बघा. आणि एकदा संध्याकाळी न कळवता जाऊन दाराबाहेर उभे राहा. संस्था गावातलीच निवडायची ती याचसाठी. दहा मिनिटांच्या स्कूटरवर जे कळतं ते वार्षिक अहवालात सापडत नाही. प्रश्नही विचारा, फक्त प्रश्न बदला. ‘पगारावर किती जातात’ऐवजी विचारा: ताईंना वेळेवर पगार मिळतो का? तो पुरतो का? वर्षात किती जणी सोडून गेल्या? गेल्या जूनमधली किती मुलं या जूनमध्ये आहेत? लबाड संस्थेला खर्चाची टक्केवारी सहज रंगवता येते, या प्रश्नांपुढे तिची पंचाईत होते.

उरलं ते फोनवरचं काम. संस्थेने सोय केली असेल तर यूपीआय ऑटोपे लावा. पैसे जाण्याआधी मेसेज येतो, आणि केव्हाही बंद करता येतं. सोय नसेल तर नेटबँकिंगमधून संस्थेच्या खात्यावर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. रोख टाळा, जुन्या पद्धतीत असाल तर दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावटही मिळत नाही. अमेरिकेत गेलेल्या मित्रांनाही सांगा: पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आहे का, ते आधी विचारा. नाहीतर प्रेमाने पाठवलेले डॉलर संस्थेला अडचणीत आणतील. आणि पहिला हप्ता गेला की संस्थेला एका ओळीचा ईमेल करा: ‘ही रक्कम कशावरही खर्च करा, पगारावरसुद्धा.’

देणग्यांच्या इनबॉक्समध्ये अशी ओळ तीन वर्षांत मला चार वेळा दिसली. चारही वेळा ती मोठ्याने वाचून दाखवावी लागली, कारण ऑफिसातल्या बाकीच्यांचा विश्वास बसेना.