गावाला जाताना घरातले मासे

दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचे म्हणजे पौडहून आधी पुणे, मग नागपूरची गाडी, तिथला मुक्काम आणि परतीचा प्रवास. ४-५ दिवस सहज मोडतात. गॅस बंद केला का, किल्ली शेजारी दिली का, हे सगळे आपल्या लक्षात राहते. मुलांनी हट्टाने घ्यायला लावलेली माशांची काचेची पेटी मात्र एस.टी. स्टँडवर आठवते. एवढे दिवस त्यांना खायला कोण घालणार?

आम्ही म्हणतो, कोणी घातले नाही तरी चालेल. मासा थंड रक्ताचा प्राणी. अंग ऊबदार ठेवायला त्याला अन्न जाळावे लागत नाही. धडधाकट मोठा गोल्डफिश, गप्पी, मॉली किंवा फायटर ५ दिवस उपाशी राहिला तर त्याचे काही बिघडत नाही. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचे तसे नाही. पेटीत पिल्ले असतील तर माणूस नेमावाच लागेल.

मासे मरतात ते बहुधा उलट कारणाने. शेजारचा पोरगा प्रेमाने येतो, मूठभर दाणे टाकतो. उरलेले दाणे तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया तयार होतो, पाणी पांढुरके होते. गुदमरलेले मासे वर येऊन तोंड उघडतात. पोराला वाटते, भूक लागली. तो आणखी टाकतो! म्हणून सांगायचेच असेल तर कागदाच्या चिमूटभर पुड्या बांधा, एक दिवसाआड एक, वर वार लिहून. खाद्याचा डबा कपाटात कुलपात ठेवा. शेजारीण रुसली तर रुसू द्या, नागपूरची संत्राबर्फी दिली की खुलेल.

दुसरा घात आपणच करतो. निघायच्या आदल्या रात्री पेटी रिकामी करून खडे, फिल्टरचा स्पंज, सगळे नळाखाली खळखळून धुतो. घर आवरून निघण्याची आपली सवय चांगली, पण इथे नको. त्या स्पंजात आणि खड्यांत राहणारे जिवाणूच माशांच्या घाणीतला अमोनिया संपवतात. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. तिच्यातले क्लोरीन या जिवाणूंना मारते आणि माशांचे कल्लेही पोळते. त्यापेक्षा २-३ दिवस आधी फक्त पाव हिस्सा पाणी बदला, तेही २४ तास उघड्या बादलीत ठेवलेले. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. निघण्याआधी १५ दिवस नवा मासा आणू नका. तो रोग घेऊन आला तर बघायला घरात कोणी नसेल.

आता विजेचे. परतीच्या पावसात आपल्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही. हवेचा पंप पेटीपेक्षा खाली ठेवलेला असेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे उतरते, पंपात शिरते, जमिनीवर सांडते. तेव्हा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, किंवा नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवून घ्या. दुकानात स्वस्तात मिळतो. मोठ्या पेटीत चारच मासे असतील तर काही तास हवेवाचून निभते. वीतभर पेटीत १० असतील तर कठीण. दिवा बंद ठेवा, नाहीतर शेवाळ माजते. झाकण लावा, हवेपुरती फट ठेवून. फायटर उडी मारतो.

‘जाता जाता नदीत सोडू, मोकळे होतील बिचारे’ असेही काही घरांत म्हणतात. मुळा नदी इथे हाकेवर, म्हणून हा मोह. कृपा करून सोडू नका. गोल्डफिश मूळचा चीनचा, गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा. मुळा-मुठेतले देशी मासे घटले, त्यामागे घाण पाण्याबरोबर बाहेरून आलेले मासेही आहेत, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. सांभाळणे होत नसेल तर ज्याच्याकडे पेटी आहे त्याला द्या, नाहीतर दुकानदाराला परत करा.

घरी परतलात की आधी मासे मोजा. एखादा मेलेला असेल तर लगेच काढा. पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मेच खाद्य घाला. पाणी पांढुरके दिसले तर तेही नको, पाव हिस्सा पाणी बदला आणि मग पिशव्या सोडायला बसा.